दुपारच्या झोपेचे दृढ संरक्षण

सांगपू तालुक्याने दुपारच्या झोपेत प्रांतात पहिला क्रमांक पटकावला. ढाल मिळाली, फोटो निघाले, आणि टाळ्या इतक्या वाजल्या की सभागृहाच्या छतावरची कबुतरं उठून शेजारच्या तालुक्यात राहायला गेली.

असं काही झालेलं नाही. तालुक्याच्या दप्तरात तशी नोंद नाही, ढाल कोणी पाहिलेली नाही, आणि कबुतरं मुळातच शेजारच्या तालुक्यातली होती. त्यामुळे ते सोडून देऊ.

तर, सूपिंग दोरीवर कापड टाकत होती. तोंडात चार चिमटे, दोन्ही हातांच्या चिमटीत लाल कापडाचे काठ. बारा हात लांब कापड आणि त्यावरची पिवळी अक्षरं अजून ओली. ती एकमेकांना चिकटली तर शब्दाला शब्द लागतो आणि सरकारी घोषणेचा तिसराच अर्थ निघतो, म्हणून हे काम श्वास रोखून करायचं असतं. तिने शेवटचा चिमटा लावला, श्वास सोडला आणि मागे वळली, तर समोरच्या टपरीवर थाओ शेठच्या जेवायच्या काड्या हवेत थांबल्या होत्या. काड्यांमधून तांदळाच्या शेवया एकेक करून परत वाडग्यात पडत होत्या. शेठचं तिकडे लक्ष नव्हतं. शेठ वाचत होते.

थाओ शेठनी वाचणं यात नवल नव्हतं. त्यासाठीच ते रोज सकाळी इथे शेवया खायला येत. द्वान यांच्या बॅनरच्या दुकानाला मागे अंगण नव्हतं, पुढे गल्ली होती, आणि शाई वाळायला अर्धा दिवस लागे. कचेऱ्यांचे बॅनर घोषणेच्या दोन-तीन दिवस आधी छापायला येत. म्हणजे तालुक्यात पुढे काय होणार हे आधी दोरीला कळे, मग टपरीवरच्या गिऱ्हाइकांना, आणि सर्वांत शेवटी ज्यांनी ते करायचं त्या खात्यांना. टपरीवाली तान मावशी दोरीसमोरच्या चार स्टुलांना एक युआन जास्त लावी. वर एक अंडं फुकट देई, म्हणजे त्याला कोणी लाच म्हणायला नको.

थाओ शेठचा बुटांच्या सोलचा कारखाना. दोरीवर ‘विजेवरच्या गाड्या’ वाळत होत्या त्या वर्षी त्यांनी तेच रबर गाडीतली पायपुसणी म्हणून विकलं. ‘ज्येष्ठांची अर्थव्यवस्था’ आली तेव्हा काठीची न घसरणारी टोकं काढली. ‘कमी उंचीवरची उड्डाणं’ आली तेव्हा प्रत्येक ड्रोनला चार पायांचे चार बूट. साचा एकच. फक्त अर्जावरचं पहिलं वाक्य बदलायचं. ज्याचं पहिलं वाक्य बरोबर, त्याला औद्योगिक वसाहतीत जागा, स्वस्त वीज आणि बँकेत चहा. ज्याचं चुकलं, त्याला ‘पुढच्या महिन्यात या’.

सूपिंगने शेठच्या नजरेचा माग काढत दोरीकडे पाहिलं. एकेकाळी दिवसाला चाळीस-चाळीस बॅनर टाकलेलं माणूस ते वाचत नसतं. तिने आत्ता वाचलं.

‘दुपारच्या झोपेचे दृढ संरक्षण करा! एकही मिनिट वाया जाऊ देऊ नका!’

“बाबा!” ती आत धावली. “हे काय छापलंत?”

अडुसष्ट वर्षांचे द्वान योंगशेंग छपाईची जाळी धूत होते. “शियोंगसाठी आहे. वाळलं की दोन दुकानांच्या मधे लावतो.”

शियोंग म्हणजे शेजारचा. मार्च महिन्यात त्याने विजेवरच्या स्कूटर दुरुस्तीचं दुकान थाटलं होतं. सकाळभर गाड्या उघडायच्या आणि दुपारी साडेबारा वाजता एकेकीचा चोराला पळवणारा भोंगा वाजवून बघायचा, ही त्याची पद्धत. इकडे तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बाबांना बजावलं होतं: गोळी सकाळी, झोप दुपारी, यातलं एक चुकलं तर दुसऱ्याचा उपयोग नाही. कापडाच्या ठाणांमागे बाबांची बांबूची खाट होती. चाळीस वर्षं ते तिथे दुपारी एक तास झोपत आले होते. मार्चपासून ते तिथे एक तास नुसते पडत होते.

“त्याच्याशी सरळ बोलायचं ना!”

“बोललं की भांडण होतं. वाचलं की माणूस विचार करतो.”

घोषणा लिहून लिहून बाबांची साधी वाक्यं झिजून गेली होती. तिचा पहिला दात पडला तेव्हा तिच्या खाटेवर बॅनर लागला होता: ‘कॉम्रेड सूपिंग यांच्या दंतकार्यातील नव्या टप्प्याचे हार्दिक स्वागत.’ आईशी वाजलं की स्वयंपाकघराच्या दारावर लागे: ‘एकजूट वाढवा, मिरची घटवा.’ आई गेली, त्या दिवशी मात्र त्यांनी काहीच छापलं नव्हतं.

एवढ्यात तोंड पुसत थाओ शेठ आत आले. सुपारी चघळत होते. घाम आधीच फुटला होता.

“पोरी, हे कुठल्या कचेरीचं गं?”

“कुठल्याच नाही, शेठ. घरचं आहे.”

“घरचं.” शेठनी सुपारी या गालातून त्या गालात नेली. “समजलो. मलाही घरचाच समज.”

“अहो खरंच! शेजारी भोंगे वाजतात, बाबांना झोप लागत नाही, म्हणून–”

“वा! कारणसुद्धा तयार ठेवलंय!” शेठ बाबांकडे वळले. “काका, तुम्ही सांगा. तुम्ही कधी खोटं बोलत नाही.”

“मला झोप लागत नाही,” बाबा म्हणाले.

थाओ शेठ हळूच, जणू दुकानात कोणी आजारी आहे अशा पावलांनी ते बाहेर गेले आणि टपरीवर पोचताच त्यांचा आवाज फुटला:

“चाळीस वर्षांत हा माणूस खोटं बोलला नाही. आज पहिल्यांदा बोलला! थेट प्रांताहून आलंय हे, थेट!”

चारही स्टुलं एकदम रिकामी झाली. तान मावशी काठी घेऊन मागे धावली, कारण एकानेही पैसे दिले नव्हते.

साडेअकराला पहिली मागणी आली. थाओ शेठचीच. ‘झोपेचे संरक्षण ही आमच्या सोलची पहिली जबाबदारी.’ बाराला दारूच्या भट्टीची: ‘निजण्यापूर्वी एक घोट, राष्ट्राला जोमाची जोड.’ मग ड्रोनवाल्यांची, लोणचीवाल्यांची, छत्र्यांच्या काड्या बनवणाऱ्यांची. साडेबारापर्यंत अकरा. चौकाचौकांत घोषणा दाखवणारे विजेचे सरकारी पडदे लागल्यापासून सूपिंगने महिन्याला अकरा मागण्या पाहिल्या नव्हत्या. शाई उसळत होती, जाळी खटखटत होती, हात आपोआप चालत होते. खरं काय ते ओरडून सांगायला हवं, हे तिला कळत होतं. पण जी दोन वर्षं दुकानात माश्या मारत बसली होती तिला आज एकाच दिवसात लाल कापड कमी पडत होतं. ‘उद्या सांगू,’ ती मनाशी म्हणाली आणि नवं ठाण फाडलं.

ठाणांमागे बाबा खाटेवर पडले होते. डोळे उघडे. शेजारी भोंगा, इकडे जाळी.

“बाबा, आजचा दिवस हं. फक्त आजचा.”

“हो हो. छाप,” बाबा म्हणाले.

सुतावरून स्वर्ग गाठतात, इथे तर अख्खं बारा हात कापड होतं. आठवड्याभरात सांगपूत कोणी जागं राहायला तयार नव्हतं. थाओ शेठनी सोलचा आकार दसपट करून त्याला ‘उद्योगशय्या’ नाव दिलं आणि कारखान्यातल्या तीनशे कामगारांना दुपारी रांगेत त्यावर आडवं केलं. लांबून पाहिलं की एखादा राक्षस बूट काढून गेल्यासारखं वाटे. ड्रोनवाल्यांनी झोपलेल्या माणसावरच्या माश्या उडवणारा ड्रोन काढला. त्याचा आवाज इतका होता की माश्याही जात आणि माणूसही. छत्रीवाल्यांनी काही न करता छत्र्यांना ‘वैयक्तिक दुपार’ म्हणायला सुरुवात केली. त्यांचाच माल सर्वांत जास्त खपला.

नवव्या दिवशी प्रसिद्धी कचेरीचे उपप्रमुख फंग दुकानात आले. वय चौतीस, हातात चहाचा थर्मास, डोळ्यांखाली काळं. दार लावून घेतल्यावरच ते बसले.

“द्वानताई, कागद कुठे आहे?”

“कुठला कागद, साहेब?”

“झोपेच्या हुकमाचा. मी सगळी कपाटं उपसली. प्रांताला विचारायची सोय नाही. विचारलं तर त्यांना कळेल की आपल्याला माहीत नाही.”

“कागद नाहीच आहे, साहेब.”

“हळू!” फंग साहेबांनी दाराकडे पाहिलं. “नाही कसा असेल? सत्तेचाळीस कारखान्यांच्या अर्जांत झोप आहे. आणि पहिल्या वाक्यात! सत्तेचाळीस माणसं एकदम चुकतात का कधी?”

सूपिंगच्या हातात शाईचं फडकं होतं. ती एकच जागा पुन्हा पुन्हा पुसत राहिली. उत्तर बाबांनी दिलं.

“ते मी लिहिलं.”

“कोणाच्या सांगण्यावरून, काका?”

“कोणाच्याच नाही. मला झोप येत नाही. शेजारच्याला तेवढं सांगा, साडेबारा ते दीड भोंगा वाजवू नको. बाकी काही नको.”

फंग साहेबांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं. त्यांनी वही काढली, पेनचं टोपण दातांनी ओढलं आणि मोठ्याने म्हणत लिहिलं: “मागणी... थेट... जनतेतून वर आली.” ते उठून उभेच राहिले. “काका, हे तर कागदापेक्षा भारी! वरून आलेलं सगळेच राबवतात. खालून आलेलं आपल्याकडेच आहे!”

“पण भोंग्याचं...”

“एवढं छोटं कसं होईल, काका? छोटी कामं करायला आमच्याकडे खातंच नाही.” ते सूपिंगकडे वळले. “मोहीम सोमवारपासून. पडद्यांवर नको, कापडावर हवं. जनतेतून आलंय ना. दोन हजार बॅनर. जमेल?”

बाबांनी तोंड उघडलं होतं.

“जमेल,” सूपिंग म्हणाली.

बाबांनी तोंड मिटलं आणि जाळी धुवायला घेतली.

सोमवारी बारा पंचवीसला खांबाखांबांवरचे कर्णे कडाडले. आधी बँड, मग निवेदन: सर्व नागरिकांनी ताबडतोब व स्वेच्छेने झोपावे. बारा चाळीसला पाहणी पथक निघालं. ते लोकांच्या पापण्यांवर बॅटरी मारून तक्त्यात खुणा करत. रकाने तीन: गाढ, मध्यम, ढोंग. थाओ शेठच्या कारखान्यात एकाच घोरण्याने दोन पथकं भारावली आणि त्या घोरणाऱ्याला पर्यवेक्षक केलं. तो मुळात रात्रपाळीचा चौकीदार होता.

शांतता राखण्यासाठी एक दल नेमलं. भोंग्यांचा अनुभव पाहून शियोंगला दलाचा प्रमुख केलं आणि अग्निशमनचा एक जुना सायरन त्याच्या स्कूटरला बसवून दिला. साडेबारा ते दीड तो तालुकाभर सायरन वाजवत फिरे आणि ओरडे: “शांतता राखा!” कल्पना ज्या गल्लीत जन्मली तिचा मान मोठा, म्हणून तो सुरुवात तिथून करी आणि शेवटही तिथेच.

बाबांच्या खाटेभोवती लाल दोरखंड आला. वर पाटी लागली: ‘ही कल्पना येथे प्रथम सुचली.’ इतर तालुक्यांतून अभ्यासदौरे येऊ लागले, आणि झोपेचा अभ्यास तो, ते दुपारीच येत. बाबा त्यांच्यासाठी बूट घालून, छातीवर हात जोडून खाटेवर पडत.

“काका, जरा नैसर्गिक झोपा ना,” फोटोवाला म्हणे.

“किती गाढ झोपलेत!” पाहुणे कुजबुजत.

सूपिंग मागे उभी राहून पाहायची. पाहुण्यांना दिसत नव्हतं ते तिला दिसे: बुटाच्या आत बाबांचा अंगठा हलत असायचा, मोजत असल्यासारखा. एक, दोन, तीन. मग ती पटकन पुढच्या बॅनरकडे वळायची. अजून नऊशे बाकी होते.

विसाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी रक्तदाबाचा पट्टा सोडला, आकडा पाहिला आणि पट्टा परत बांधला. दुसऱ्यांदाही तोच आला. एकशे अठ्ठ्याऐंशी.

“दुपारी झोपता ना?”

“अख्खा तालुका झोपतोय,” बाबा म्हणाले.

“तालुक्याचं नाही विचारलं.”

बाबांनी बाही खाली ओढली. सूपिंग खिडकीबाहेर पाहत होती. दवाखान्याच्या कुंपणावर तिनेच छापलेला बॅनर होता आणि वाऱ्याने त्याचं एक टोक सुटलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोरीवर सगळ्या बॅनरांच्या शेवटी हातरुमालाएवढं लाल कापड वाळत होतं. त्यावर पिवळ्या अक्षरांत एवढंच: ‘विनंती: थोडे कमी.’ सूपिंगने इकडेतिकडे पाहिलं, ते ओलंच ओढून काढलं आणि खिशात कोंबलं. बोटं पिवळी झाली.

“काय होतं गं ते?” टपरीवरून थाओ शेठ ताठ झाले होते. “‘कमी’ दिसलं मला. कशाचं कमी?”

“फडकं होतं, शेठ.”

“फडकं! समजलो.” त्या दिवशी थाओ शेठनी उद्योगशय्या एक बोट आखूड केल्या.

सत्ताविसाव्या दिवशी सभागृहात मोठी सभा भरली. मोहीम पाहून प्रांताने तोवर तालुक्यांची झोपेची स्पर्धाच लावली होती, तिचा निकाल त्यात जाहीर व्हायचा होता. दारावर बॅनर, मंचावर बॅनर, छताला बॅनर, सगळे सूपिंगच्या हातचे. एक आत शिरतानाच डाव्या हाताला होता, नेहमीचा, दरवर्षी लागणारा: ‘सभेत झोपणाऱ्यावर कारवाई होईल.’ तोही तिचाच.

बाबा पहिल्या रांगेत बसले, छातीवर लाल कागदी फूल. शेजारी सूपिंग. मागे थाओ शेठ, तालुकाभरचे कारखानदार, पाहणी पथक, पांढरे हातमोजे घातलेला शियोंग, कर्ण्यांवरून निवेदन करणारी बाई, फोटोवाले. सगळे ताठ. सगळ्यांचे डोळे चमकत होते. तान मावशीसुद्धा टपरी बंद करून आली होती आणि लोकांना सांगत होती की हे सगळं तिच्या स्टुलांवरून सुरू झालं.

दहाला तालुकाप्रमुखांचं भाषण सुरू झालं. सात मुद्दे होते. पावणेअकराला ते तिसऱ्या मुद्द्याच्या दुसऱ्या उपमुद्द्यावर होते, आणि तेव्हा सूपिंगच्या काहीतरी लक्षात आलं. आधी नेमकं काय ते तिला कळेना. मग कळलं. आवाज नव्हता. सत्तावीस दिवसांत पहिल्यांदा कुठेही आवाज नव्हता, कारण तालुक्यात आवाज करणारी सगळी माणसं या घडीला या सभागृहात तोंड मिटून बसली होती. पंखे मंद फिरत होते. तालुकाप्रमुखांचा आवाज लांबच्या पाणचक्कीसारखा येत होता.

तिच्या खांद्यावर काहीतरी टेकलं.

बाबांचं डोकं. आधी हलकं, मग जड, मग अगदी जड. तोंड किंचित उघडं. तिने खाली त्यांच्या बुटांकडे पाहिलं. अंगठा हलत नव्हता.

“पोरी!” मागून थाओ शेठ कुजबुजले. “काकांना हलव! कोपर मार!”

सूपिंग हलली नाही.

मंचाच्या पडद्याआडून फंग साहेब दोन्ही हातांनी खुणा करत होते: उठव, उठव. त्यांचा थर्मास खाली पडला. तोसुद्धा गालिच्यावर पडला, आवाज झाला नाही.

“अगं कॅमेरा फिरतोय इकडे! मोहिमेचा जनक सभेत झोपला तर काय होईल कळतंय का तुला?”

“कळतंय, शेठ.”

“मग?”

“झोपलेत ते.”

सातवा मुद्दा संपला. प्रांताच्या पाहुण्यांनी पाकीट फोडलं. सांगपू – पहिला!

सभागृह उसळलं. खुर्च्या मागे सरकल्या, माणसं उभी राहिली, शियोंगने हातमोजे भिरकावले, कर्ण्याची बाई कर्ण्याशिवायच किंचाळली. थाओ शेठ शेजारच्या ड्रोनवाल्याच्या गळ्यात पडून रडायला लागले. टाळ्यांचा पाऊस, शिट्ट्या, छतावर फडफड. अख्ख्या सभागृहात दोनच माणसं बसलेली होती. त्यातलं एक झोपलेलं. बाबांचा डावा कान तिच्या खांद्यावर दाबलेला होता. उजव्यावर सूपिंगने आपला तळवा ठेवला आणि टाळ्या संपेपर्यंत काढला नाही.

फोटो सगळीकडे गेला. झोपेत पहिला आलेला तालुका आणि पहिल्या रांगेत झोपून सभेची शिस्त मोडणारा माणूस, दोन्ही एकाच चौकटीत. झोप तीच, एका नियमाने ढाल, दुसऱ्या नियमाने कारवाई. चार दिवस समिती बसली. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकत नाहीत आणि फोटो तर आहे, तेव्हा क्रमांक कधी आलाच नव्हता, असं ठरलं. प्रांतानेही फार ताणलं नाही. त्यांना आता वेगळी घाई होती, आणि ती पुढच्याच मंगळवारी दोरीवर वाळत होती: ‘सदैव जागे राहा! क्षणभरही थांबू नका!’

थाओ शेठनी शेवया गिळता गिळता ते वाचलं. “साचा तोच,” ते म्हणाले आणि धावण्याच्या बुटांचे सोल काढायला गेले.

कर्णे उतरले. खाटेभोवतीचा दोरखंड गेला, पाटी गेली. साडेबारा वाजता शियोंगने पहिल्या स्कूटरचा भोंगा वाजवला. मग दुसरीचा. सायरन परत द्यायचा राहिला होता, तोही लावून पाहिला. सूपिंग हात पुसत त्याच्या दारात जाऊन उभी राहिली. जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते.

“शियोंगदादा, साडेबारा ते दीड भोंगे नको ना वाजवू. बाबांना झोप लागत नाही.”

शियोंग ओशाळला. “ताई, हे मार्चमध्येच सांगितलं असतंस तर एका शब्दाने बंद केलं असतं. काका माझ्या बापासारखे.”

“मग आता कर ना बंद.”

“आता कसं करू?” त्याने टपरीकडे हनुवटी उडवली. चारही स्टुलं भरलेली होती. “शांतता रद्द झालीये. मी एकटाच एकदम गप्प झालो, तर ते म्हणतील याला आतलं काहीतरी कळलंय. संध्याकाळपर्यंत अख्खा तालुका गप्प, आणि परवा आपल्या गल्लीत अभ्यासदौरे. वरून लेखी आण. मग मी मोकळा.”

सूपिंग परत आली. टेबलावर जवळजवळ कोरा कागद होता. सभेत झोपल्याबद्दल बाबांनी खुलासा द्यायचा होता आणि तीन दिवस ते त्याच्यासमोर पेन घेऊन बसत होते. ‘दृढ’ हा शब्द लिहून त्यांनी खोडला होता. तिने खिशातून हातरुमालाएवढं लाल कापड काढून त्यांच्यासमोर ठेवलं. बाबांनी ते पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि पेन तिच्या हातात दिलं. बाहेर भोंगा वाजत होता. ती लिहायला बसली.

*प्रति, मा. उपप्रमुख, प्रसिद्धी कचेरी, सांगपू.*

*विषय: एक तास कोणत्याही योजनेत न घेण्याबाबत.*

*महोदय, अर्जदार द्वान योंगशेंग, वय ६८, यांना सभेत झोप लागली याबद्दल खेद आहे. झोप बावन्न मिनिटांची होती आणि चांगली लागली, हेही प्रामाणिकपणे नमूद करण्यात येते. अर्जदाराची कन्या त्या वेळी उभी राहिली नाही. याबद्दल तिला खेद नाही.*

*विनंती की, रोज दुपारी साडेबारा ते दीड हा एक तास तालुक्याच्या कोणत्याही प्राधान्यक्रमात, मोहिमेत, पाहणीत वा स्पर्धेत धरू नये. त्यास क्रमांक देऊ नये. त्याचे रक्षण करू नये. या तासात शेजारील दुकानाने गप्प बसावे, परंतु त्यामागे काही कारण आहे असे कोणास वाटू देऊ नये.*

*सदर मंजुरी लेखी दिल्यास ती छापण्यासाठी आमच्याच दुकानी येईल व वाळण्यासाठी दोरीवर जाईल, आणि समोर चार स्टुले आहेत. तरी ही परवानगी कोणालाही, अर्जदारासही, न कळवता द्यावी, ही नम्र विनंती.*